मॉरिस मायनर, १९५० : दुरुस्तीच्या आणि आठवणींच्या प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२३, कॉव्हेंट्री, इंग्लंड

गाडी आज ट्रेलरवरून गॅरेजात उतरवली. १९५० सालची मॉरिस मायनर, सिरीज एमएम, दोन दारांची सलून, म्हणजे बंद छपराची. हेडलाइट मडगार्डवर न बसवता पुढच्या जाळीच्या दोन्ही अंगांना खाली बसवलेले, म्हणजे इथले शौकीन जिला ‘लो-लाइट’ म्हणतात ती. वॉरिकशरमधल्या एका शेतावरच्या कोठारात ती १९६८ पासून उभी होती. रंग मूळचा काळा आहे, पण त्यावर कोणीतरी ब्रशने हिरवा रंग फासलेला आहे. एंजिन फिरत नाही, चारही ब्रेक जाम आहेत, तळाचा पत्रा चालकाच्या पायाखाली संपलेला आहे. काचा मात्र सगळ्या शाबूत आहेत आणि डॅशबोर्डवरचे एकही यंत्र चोरीला गेलेले नाही, ही खरेदी करताना निर्णायक ठरलेली बाब.

या नोंदवहीत दोन कामे शेजारी शेजारी चालतील. पहिले अर्थात दुरुस्तीचे. दुसरे असे की, आमच्या परिसरातल्या ज्या वयस्कर मंडळींनी युद्धानंतरच्या दशकात अशा गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या किंवा मागच्या सीटवर बसून समुद्रकिनारा गाठला, त्यांच्या आठवणी ऐकून गाडीशी ताडून पाहायच्या. हौस म्हणून मला जुन्या गाड्या आवडतात, पण ‘त्या काळी सारेच कसे साधे आणि टिकाऊ होते’ हे पालुपद मला पटत नाही. गाडीत जे जे विचित्र दिसते त्यामागे त्या काळातला एखादा कर, एखादी टंचाई किंवा एखादा अधिकाऱ्याचा शिक्का असतो, असा माझा अंदाज आहे. तो कुठवर खरा ठरतो ते कामातूनच कळेल.

२२ ऑक्टोबर २०२३

गाडीबरोबर मूळ नोंदणीपुस्तिका मिळाली, हा मोठा लाभ. आज ब्रिटनमधल्या गाड्यांची कागदपत्रे स्वान्सीच्या मध्यवर्ती कार्यालयातून निघतात, पण ती व्यवस्था १९७० च्या दशकातली. त्याआधी प्रत्येक काउंटीचे कार्यालय स्वतःची नोंदणी करत असे आणि हातात मावणारी एक घडीची पुस्तिका देत असे. मालक बदलला की त्याचे नाव शाईने लिहून शिक्का मारायचा, रस्त्याचा कर भरला की त्याचाही शिक्का. या पुस्तिकेत पहिली नोंद जून १९५० ची आहे आणि पहिला मालकबदल जुलै १९५१ चा.

हे अंतर मला सूचक वाटते. युद्ध संपल्यावर पोलाद सरकार वाटून देत होते आणि ज्या कारखान्याची निर्यात जास्त त्याला पोलाद जास्त, असा व्यवहार होता. १९४५ च्या नोव्हेंबरात मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी कारखानदारांना निम्मे उत्पादन परदेशी पाठवा असे सांगितले तेव्हा सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली होती. पण १९५० पर्यंत जगातून निर्यात होणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश होत्या. त्याचा अर्थ असा की इथल्या माणसाला नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागे आणि वर्षभर वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. हा काळा बाजार रोखण्यासाठी विक्रेत्यांच्या संघटनेने ग्राहकाकडून करारपत्र लिहून घ्यायला सुरुवात केली होती, की ठरावीक मुदतीत ही गाडी विकणार नाही. मुदत पुढे दोन वर्षांवर गेली, पण बराच काळ ती एक वर्षाची होती. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने वर्ष उलटल्यावर काही आठवड्यांतच ती हातावेगळी केली. योगायोगही असू शकतो, पण मला तसे वाटत नाही.

५ नोव्हेंबर २०२३

एंजिन बाहेर काढले. ९१८ सीसी, चार सिलिंडर, साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले. युद्धापूर्वीच्या मॉरिस एटमधून जसेच्या तसे उचललेले, सुमारे साडेसत्तावीस अश्वशक्तीचे. पिस्टन अडकलेले असल्याने प्लगच्या भोकांतून ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अ‍ॅसिटोन यांचे मिश्रण ओतून ठेवले आहे. घाई करून हँडल मारायचे नाही, एवढाच नियम.

सुटे करताना आट्यांचा प्रश्न उभा राहिला. नट-बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची आहेत, म्हणजे जुने ब्रिटिश पाने नीट बसतात. पण आटे व्हिटवर्थचे नाहीत, बीएसएफ या बारीक ब्रिटिश आट्यांचेही नाहीत, ते मेट्रिक आहेत. १९५० च्या इंग्लंडमध्ये मेट्रिक आटे! शेजारच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त कारागीर, वय ८६, हे पाहून मनापासून हसले. त्यांनी १९५३ साली कॉव्हेंट्रीतच उमेदवारीला सुरुवात केली होती आणि पहिल्याच आठवड्यात एका फोरमनने त्यांना हे कोडे घातले होते.

त्याचे उत्तर आमच्या शहरातच आहे. ऑचकिस ही फ्रेंच शस्त्रास्त्रांची कंपनी पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या गॉसफर्ड स्ट्रीटवर मशीनगन बनवायला आली. युद्ध संपल्यावर यंत्रे रिकामी झाली, तेव्हा ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांच्यासाठी त्यांनी एंजिने बनवायला घेतली आणि १९२३ साली मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. आटे पाडणारी सगळी हत्यारे फ्रेंच मापाची होती, ती टाकून देणे परवडणारे नव्हते. पण गिऱ्हाइकाच्या आणि गावोगावच्या मेकॅनिकच्या पेटीत पाने ब्रिटिश मापाचे होते. म्हणून आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ, असा तोडगा निघाला आणि मशीनगनच्या कारखान्याची ती खूण पुढची तीसेक वर्षे मॉरिसच्या एंजिनांवर राहिली. गॉसफर्ड स्ट्रीटवरची ती इमारत आता कॉव्हेंट्री विद्यापीठाकडे आहे आणि तिला विल्यम मॉरिस यांचेच नाव आहे. मी तिच्यावरून कित्येकदा गेलो असेन.

१९ नोव्हेंबर २०२३

पिस्टन सुटले. सिलिंडर मोजले : व्यास ५७ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिलिमीटर. झीज आहे, पण एका आकाराने मोठे पिस्टन घालून भागेल.

इतके अरुंद आणि इतके लांब सिलिंडर आजच्या कोणत्याही अभियंत्याला खटकतील, कारण पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात लांब पल्ला गाठावा लागतो आणि वेग वाढला की बेअरिंगांवर ताण येतो. तरीही ब्रिटनमध्ये दोन पिढ्या अशीच एंजिने बनली, कारण रस्त्याचा कर एंजिनाच्या खऱ्या ताकदीवर नव्हता, तर एका सूत्रावर होता. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. स्ट्रोकचा त्यात उल्लेखच नाही. ५७ मिलिमीटर म्हणजे सुमारे २.२४ इंच, हिशेब केला तर उत्तर आठच्या आसपास येते, म्हणून ही ‘आठ अश्वशक्ती’ची गाडी. कर वाचवायचा तर व्यास कमी ठेवा आणि ताकद मिळवायची तर स्ट्रोक वाढवा, हे प्रत्येक आरेखकाला पाठ झाले होते.

१९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट दहा पौंड कर लागू झाला आणि हे सूत्र निकालात निघाले. मायनरचे आरेखक अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिच्यासाठी आडवे, चपटे चार सिलिंडरांचे एंजिन योजले होते. ते बासनात गेले आणि नव्या शरीरात जुन्या कराचे एंजिन बसले. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जी प्रशस्त मोकळी जागा दिसते ती त्या न बनलेल्या आडव्या एंजिनासाठी राखलेली होती. काम करताना हात सहज शिरतो, याबद्दल मी त्या रद्द झालेल्या एंजिनाचा ऋणी आहे.

३ डिसेंबर २०२३

थंडीमुळे गॅरेजचे काम बंद, म्हणून आज आठवणींकडे वळलो. आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात राहणाऱ्या आजींचा जन्म १९४१ चा. त्यांच्या वडिलांकडे युद्धापूर्वीची ऑस्टिन सेव्हन होती आणि ती बरीच वर्षे विटांवर उभी होती, कारण पेट्रोल नव्हते.

पेट्रोलच्या रेशनिंगबद्दल त्यांनी जे सांगितले ते जवळपास सगळे इतिहासाशी जुळते. १९४७ च्या अखेरीस खासगी वाहनांचा मूळ कोटाच बंद झाला. १९४८ च्या उन्हाळ्यात तो तुटपुंज्या प्रमाणात परत आला, पण त्याबरोबर एक कायदाही आला : व्यापारी वाहनांसाठी मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये लाल रंग मिसळला जाई आणि खासगी गाडीच्या टाकीत तो रंग सापडला तर चालकाचा परवाना जात असे. युद्धातल्या गॅस-मास्कमधल्या कोळशातून गाळले की लाल रंग निघून जातो, असे सारेजण सांगत. आजींचे काका हा प्रयोग करत असत असे त्या सांगतात. यशस्वी होत असे की नाही हे मात्र त्यांनी हसून टाळले.

२६ मे १९५० ही तारीख त्यांना तोंडपाठ आहे. त्या दिवशी रेशनिंग संपले. पुढचे दोन-तीन दिवस व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचे होते, लोकांनी कुपनांची पुस्तके फाडून उडवली आणि किनाऱ्याकडे जाणारे सगळे रस्ते गाड्यांनी भरून गेले. त्यांच्या वडिलांनीही ऑस्टिन विटांवरून उतरवली. सहल कशी झाली असे विचारल्यावर त्या आधी ऊन, सँडविच आणि समुद्र यांबद्दल बोलल्या. मग त्यांना आठवले की परतताना एंजिन तापून दोनदा उकळले होते आणि आईने वाटेत पुन्हा गाडीत बसायला नकार दिला होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पेट्रोलवरचा कर दुप्पट झाला होता, ही गोष्ट त्यांच्या आठवणीत अजिबात नाही. वडिलांच्या आठवणीत नक्की असणार.

आमची मायनर या मुक्तीनंतरच्या महिन्यात नोंदली गेली. पण तिच्या टाकीत पडलेले पेट्रोल मात्र अजून ‘पूल’ होते : सगळ्या कंपन्यांचे एकत्र, बिनब्रँडचे, सत्तरीच्या आसपास ऑक्टेनचे. ब्रँडचे चांगले पेट्रोल थेट १९५३ मध्ये परतले. या हलक्या पेट्रोलला दाब सोसत नाही, म्हणून एंजिनातल्या दाबाचे प्रमाणही (मिश्रण किती पट दाबले जाते ते) साडेसहाच्या जवळपासच ठेवलेले आहे.

२६ डिसेंबर २०२३

पुण्याहून बाबांशी व्हिडिओवर बोलणे झाले. त्यांना एंजिनाचे फोटो दाखवले. त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी गावातल्या डॉक्टरांकडे ‘बेबी हिंदुस्थान’ होती आणि सकाळी कंपाउंडर हँडल मारून ती सुरू करत असे. ही मायनरच, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ती त्या नावाने विकली. मी तोवर बेबी हिंदुस्थान आणि ही गाडी यांचा संबंध कधी लक्षातच घेतला नव्हता.

१४ जानेवारी २०२४

सिलचे काम सुरू. या प्रकल्पातले हे सर्वांत जोखमीचे काम असल्याने तपशील लिहून ठेवतो.

मायनरला वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीर हीच तिची चासी. दाराखालचा सिल हा बाहेरून एक पट्टी दिसतो, पण आत तीन पत्रे जोडून बनवलेली ती एक पोकळ पेटी आहे आणि सगळ्या गाडीचा ताठपणा तिच्यावर अवलंबून आहे. बाहेरचा पत्रा चकचकीत करून आतला कुजका तसाच ठेवणे हा विक्रेत्यांचा जुना उद्योग आहे. आमच्या गाडीत हे १९६० च्या दशकातच झालेले दिसते, कारण डावीकडच्या सिलमध्ये वर्तमानपत्राचा गोळा आणि त्यावर डांबर असा थर निघाला.

दोन्ही सिल एकाच वेळी कापायचे नाहीत. आधी दारे बंद असताना फटी मोजून लिहून ठेवल्या, मग दार काढून त्या जागी लोखंडी नळ्या तिरक्या वेल्ड केल्या, म्हणजे कापताना शरीर मध्येच बसणार नाही. गाडी चाकांवर न ठेवता पुढच्या आणि मागच्या भक्कम भागांखाली सपाट ठोकळ्यांवर उभी केली. मग डावा सिल चार भागांत कापला आणि प्रत्येक भागानंतर फट पुन्हा मोजली. नवे पत्रे विकत मिळतात, ही मायनरची मोठी सोय. सोळा लाखांहून अधिक गाड्या बनल्यामुळे सुट्या भागांचा बाजार अजून जिवंत आहे. पण विकतचा पत्रा बसवण्याआधी घासून, वाकवून, पुन्हा घासून घ्यावा लागतो. वेल्डिंग मी टाक्यांपुरते केले. सलग शिवण घालायला एका व्यावसायिक वेल्डरला बोलावले आहे.

निवृत्त कारागीर दोन तास खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला महत्त्वाची वाटते. १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सरकारी तपासणी आली, तेव्हाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स. त्याआधी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे की नाही हे विचारणारे कोणी नव्हते. कारागिरांच्या गॅरेजात पहिल्या काही महिन्यांत जी ‘घरची लाडकी’ गाडी येई, तिचे ब्रेक नावापुरते आणि स्टीअरिंगला हातभर ढिलाई. मालक रडकुंडीला येत. हे आठवताना त्यांच्या बोलण्यात हळवेपणाचा लवलेश नव्हता. आमची गाडी त्या वर्षी बरोबर दहा वर्षांची होती. सिलमधले वर्तमानपत्र बहुधा त्याच तपासणीची तयारी असावी.

११ फेब्रुवारी २०२४

डावा सिल पूर्ण, फटी जागेवर. उजवा सुरू.

बॉनेटवरचा हिरवा रंग खरवडताना मधोमध पुढून मागे जाणारी सपाट, किंचित उंच पट्टी स्पष्ट झाली. तिची रुंदी चार इंच आहे आणि ती शोभेसाठी नाही. गाडीचा नमुना तयार झाल्यावर इसिगोनिस यांना ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन्ही अर्ध्या भागांमधले अंतर डोळ्यांना पटेपर्यंत वाढवले. ते चार इंच भरले. उत्पादनाची तयारी तोवर इतकी पुढे गेली होती की बंपर आधीच बनून पडले होते. म्हणून पहिल्या गाड्यांचे बंपर मध्ये कापून त्यात चार इंचांचा तुकडा जोडलेला असे. बॉनेटच्या बाबतीत ती पट्टीच ठेवून दिली आणि ती शेवटच्या गाडीपर्यंत राहिली.

मूळ स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, इथे जन्मलेला हा तिशीतला माणूस युद्ध चालू असताना ‘मॉस्किटो’ या सांकेतिक नावाने ही गाडी रेखाटत होता. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड, म्हणजे तेच विल्यम मॉरिस, यांनी ती पाहून तिला ‘पोच्ड अंडे’ म्हटले आणि तिचा उत्साहाने पाठपुरावा करण्याचे काम मुख्यतः त्यांच्या खालच्या अधिकाऱ्यांवर, विशेषतः माइल्स थॉमस यांच्यावर, पडले. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये दहा वर्षांनंतरचे पहिले मोटार प्रदर्शन उघडले. पाच लाखांहून अधिक लोक आले. त्याच प्रदर्शनात जग्वारची एक्सके १२० ही झळझळीत स्पोर्ट्स कार होती आणि बहुतेकांच्या माना तिकडे वळल्या. करासह ३५८ पौंड १० शिलिंगांची मायनर घ्यायलाही ब्रिटिश माणसाला संधी होतीच कुठे. ती आधी जहाजांवर चढत होती.

१७ मार्च २०२४

विजेची कामे. धन टोक शरीराला जोडलेले, म्हणजे आजच्या उलट. ते बदलायचे नाही असे ठरवले, कारण घड्याळे आणि पंप जसे आहेत तसे चालतात. एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप साफ करून, त्याचे संपर्कबिंदू घासून बॅटरी जोडली, तर तो लगेच टकटक करू लागला आणि नळ्या भरल्यावर शांत झाला.

दारांमागच्या खांबांत बसवलेले सिग्नलचे हात म्हणजे ट्रॅफिकेटर. कळ फिरवली की सोलेनॉइड आतला दट्ट्या खेचतो आणि केशरी हात आडवा बाहेर येतो. आत छोटा दिवा. उजवा चालतो, डावा अर्ध्यावर अडतो. कारागीर म्हणाले की प्रत्येक चालकाला खांबावर कुठे आणि किती जोराने बुक्की मारायची ते ठाऊक असे. मी बुक्कीऐवजी खुंटीला पातळ तेल दिले, तेव्हा तोही वर येऊ लागला. मायनरवर हे हात १९६१ पर्यंत होते. आजच्या रस्त्यावर मागच्या चालकाला ते दिसणार नाहीत, म्हणून पुढच्या-मागच्या दिव्यांत लुकलुकणारे सिग्नलही जोडायचे. मूळपणाच्या आग्रहापोटी अपघात ओढवून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

१४ एप्रिल २०२४

पुढचे सस्पेन्शन. प्रत्येक चाकाची उभी खुंटी वर आणि खाली ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या सांध्यांत, फिरते, एका बाजूचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे. इथे ग्रीस निपल आहेत आणि दर काही शे मैलांनी ग्रीस मारणे आवश्यक आहे. दुर्लक्ष झाले तर आटे झिजतात आणि एके दिवशी वळण घेताना खुंटी सुटून चाक मडगार्डखाली आडवे पडते. आमच्या डाव्या खालच्या ट्रनियनचे आटे जवळपास सपाट झाले होते. म्हणजे ही गाडी कोठारात गेली ती बऱ्याच वेळेवर गेली. दोन्ही बाजूंना नवे संच बसवले.

बाबांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले की यातले टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन स्टीअरिंग त्यांनी अ‍ॅम्बॅसॅडरखाली झोपून पाहिले आहेत. बरोबरच आहे. मायनरचीच मांडणी मोठी करून मॉरिस ऑक्सफर्ड बनली आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीची यंत्रसामग्री उत्तरपाड्याला जाऊन अ‍ॅम्बॅसॅडर झाली. ऑक्सफर्डशेजारच्या काउलीत हे वंश केव्हाच संपले. बंगालमध्ये मात्र २०१४ पर्यंत ते चालू राहिले. ज्या गाडीला मी पुण्यात सरकारी साहेबांची गाडी म्हणून ओळखत होतो, तिच्या हाडांची ओळख मला वॉरिकशरच्या कोठारातल्या गाडीमुळे पटली.

१२ मे २०२४

एंजिन परत बसवले, सुरू झाले. नव्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने रबरी नळ्या सगळ्या बदलल्या आणि दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलच्या ई-१० ऐवजी पाच टक्क्यांपर्यंतचे ई-५ वापरायचे ठरवले. साइड-व्हॉल्व्ह एंजिनाचा आवाज अगदी मऊ आहे.

संध्याकाळी आजी आणि कारागीर दोघेही आले आणि वाद रंगला. आजींच्या मते तेव्हा वाहन चालवणे सभ्य होते : एए, म्हणजे ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालकांच्या संघटनेचा, माणूस मोटरसायकलवरून जाताना बिल्ला लावलेल्या सदस्याला सलाम करत असे, सदस्यांकडे रस्त्याकडेच्या खोक्यांची किल्ली असे, आत टेलिफोन. कारागिरांनी दुसरी बाजू सांगितली. त्या सलामाचा खरा उपयोग वेगळा होता. पुढे पोलिसांनी वेग पकडायला सापळा लावला असेल तर तो माणूस सलाम करत नसे आणि सदस्याने त्यावरून काय समजायचे ते समजून घ्यायचे. १९१० च्या एका न्यायालयीन निकालाने उघड इशारा देणे धोक्याचे ठरवले होते, त्यावरची ही पळवाट. आजींना हे इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग सुट्ट्यांचा विषय निघाला. कॉव्हेंट्रीचे कारखाने उन्हाळ्यात एकाच वेळी बंद होत, म्हणून सारे शहर एकाच शनिवारी डेव्हनकडे निघे आणि सारे शहर एक्सेटरच्या बाह्यवळणावर एकाच रांगेत अडकून बसे. याबाबत दोघांचे एकमत होते. १९५६ च्या डिसेंबरात सुएझ कालव्याच्या संकटामुळे पेट्रोलचे रेशनिंग पुन्हा आले तेव्हा चालक परीक्षा थांबल्या होत्या आणि शिकाऊ चालकांना सोबतीशिवाय गाडी चालवायची मुभा मिळाली होती. कारागिरांनी त्याच काळात एकट्याने सराव केला. २ नोव्हेंबर १९५९ ला एम-१ हा महामार्ग उघडला, त्याला जोडणारा रस्ता आमच्या जवळच्या रग्बीपाशी येतो. वेगमर्यादा नव्हती, ताशी ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली. गावातल्या बाजारापुरत्या वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या लोकांनी हौसेने त्यावर नेल्या आणि तासभर पूर्ण वेगाने पळवल्या; लांब स्ट्रोकच्या एंजिनांनी ते सहन केले नाही. त्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजात जळालेल्या बेअरिंगांचा पूर आला होता. नोव्हेंबरात लिहिलेला सिलिंडरच्या व्यासाचा हिशेब मी त्यांना दाखवला, तर ते म्हणाले की हे सूत्र त्यांना माहीत नव्हते, बेअरिंगे मात्र माहीत होती.

१६ जून २०२४

चाळीस वर्षांवरील गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही आणि रस्त्याचा करही नाही. तरी मी स्वखुशीने तपासणी करून घेतली, कारण सिल आणि ट्रनियन मीच बसवलेले आहेत आणि दुसऱ्या डोळ्यांनी ते पाहणे गरजेचे होते. पास. सूचना एकच : ब्रेक लावल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढते. ड्रमचे अंतर जुळवून हा दोष गेला. सात इंचांचे ड्रम ब्रेक आजच्या रहदारीत पुरेसे आहेत, असे म्हणायला मी तयार नाही; पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे लागते.

७ जुलै २०२४

या गाडीला पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलके होऊन वर रेडिएटरकडे जाते आणि थंड झालेले जड पाणी खालून एंजिनात येते, एवढ्यावरच थंडावा. याच कारणामुळे तिला हीटरही नाही. मायनरला दोन्ही एकत्रच, १९५० च्या शेवटापासून मिळाले. त्याआधी कॉव्हेंट्रीच्या हिवाळ्यात लोक गुडघ्यांवर घोंगडी आणि सोबत गरम चहाचा थर्मास घेऊन बसत आणि रात्री पाणी गोठू नये म्हणून रेडिएटर रिकामा करत.

चढावर ही व्यवस्था कितपत टिकते ते पाहायला आज एजहिलजवळच्या सनरायझिंग हिलवर गेलो. उन्हाचा दिवस मुद्दाम निवडला. घाटाच्या पायथ्याशी वरच्या नळीवर लावलेला तापमापक ८२ अंश सेल्सिअस दाखवत होता. दुसऱ्या गिअरमध्ये चढ घेतला, मागे गाड्यांची रांग लागली, वर पोचेपर्यंत पारा ९४ वर गेला आणि माथ्यावर मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काही मिनिटांत पूर्ववत झाला. पाणी उकळले नाही, सांडले नाही. हिवाळ्यात रेडिएटर आतून आम्लाने धुऊन घेतला होता, त्याचा हा परिणाम असावा. आजींच्या वडिलांच्या ऑस्टिनचा रेडिएटर विटांवरच्या त्या वर्षांत गाळाने भरला असणार.

नंतरच्या मॉडेलचा पंप या एंजिनावर बसवता येतो आणि अनेकजण बसवतात. मी बसवणार नाही. चढाच्या वेळी वाटेत थांबण्याची तयारी ठेवली तर त्याची गरज नाही आणि पंप बसवला की हीटरचा मोह आवरणार नाही. राहिलेली कामे : उजव्या दाराची खालची कड, मागच्या काचेचे रबर, आणि हिरव्या रंगाखालून निघालेल्या मूळ काळ्याचा नेमका संकेतांक मिळवण्यासाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदींच्या प्रमाणपत्राची मागणी. अर्ज उद्या पाठवायचा.